अकरा हजार आठशे सत्तर किलोमीटर, अधिक मार्जिन

३ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या नोंदीत एक चूक झाली आहे. दोन विमानतळांमधलं अंतर मी १४,३०० किलोमीटर लिहिलं होतं. ते बरोबर नाही. बाबांच्या शिवणाच्या दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशावर मी ते बाबांच्याच टेपने मोजलं होतं. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी सपाट नाही, हे मला मोजतानाही माहीत होतं. तरी मोजलं. चुकीचा आकडा खोडून टाकलेला नाही. आमच्या लॅबमध्ये चुकीचा आकडा गिरगटायचा नसतो, त्यावर एकच रेघ मारून शेजारी सही करायची असते. तशी केली आहे.

आणखी एक दुरुस्ती. ताईला मी "लगेच हो म्हटलं" असं लिहिलं आहे. लगेच नाही. आधी मी विचारलं, विमान थेट आहे का. मग हो म्हटलं.

बाकी नोंद बरोबर आहे. ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन २६ फेब्रुवारीला, गुरुवारी. भावोजी जहाजावर, एप्रिलच्या आत परतत नाहीत. चिमणी पाच वर्षांची, तिला बघायला तिथे आपलं कोणी नाही. ऑपरेशननंतर दोन आठवडे ताईला काही उचलायची मनाई, म्हणजे चिमणीलाही उचलायची मनाई. मी २३ पर्यंत पोचायचं असं ठरलं.

व्हिसा आई, बाबा आणि मी, तिघांचाही तयार आहे. गेल्या वर्षी जाणार होतो तेव्हाचा. (का गेलो नाही ते गेल्या वर्षीच्या वहीत आहे. माझा कान दुखत होता.) रजा साहेबांनी आज सकाळी मंजूर केली, २० फेब्रुवारी ते १३ मार्च. एका मिनिटात सही. अर्ज धड वाचलासुद्धा नाही, याचं जरा वाईट वाटलं.

आता राहिलं फक्त तिकीट. उद्या काढते.

४ फेब्रुवारी, बुधवार

तिकिटाआधी अंतर पक्कं करायचं ठरवलं. किती लांब जायचं ते माहीत नसताना निघणं म्हणजे माप न घेता कापड फाडणं.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पृथ्वीचा गोल आहे. शिवणाचा दोरा घेऊन गेले. एक टोक आपल्या विमानतळावर अंगठ्याने दाबलं, दुसरं ताईच्या. मधे समुद्रावर दोरा सारखा घसरत होता. दुकानदार बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, घ्यायचा असेल तर बांधून देतो, नसेल तर उत्तर ध्रुवावरचा हात काढा, तिथून तो निखळतो.

अंतर ११,९०० किलोमीटर. पण दोरा ताणतो. तेव्हा हे अंदाजे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

इंटरनेटवर बघितलं. एक साइट म्हणते ११,८७० किलोमीटर, दुसरी म्हणते ११,८७४.

चार किलोमीटर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, चार किलोमीटर म्हणजे बाजारात जाऊन येण्याइतकं, त्याचं काय एवढं. मी हिशेब करून दाखवला की विमानाच्या वेगाने ते सतरा सेकंद होतात. आईने काजाची सुई तोंडातून काढली आणि म्हणाली, मग सतरा सेकंदांनी ताईचं काही अडणार नाही.

आईचा स्वभाव असा आहे. पण मी थर्मामीटर तपासते. जे थर्मामीटर अर्धा अंशही खोटं बोलतं त्याला लाल स्टिकर लावून बाजूला ठेवायचं, हे माझं काम आहे. स्वतःच्या बाबतीत मी चार किलोमीटर सोडून देऊ लागले तर त्या थर्मामीटरांपुढे कोणत्या तोंडाने बसू?

विमानतळाला ईमेल लिहिलं. प्रश्न एक: अंतर विमानतळाच्या नेमक्या कोणत्या ठिकाणापासून मोजतात? प्रश्न दोन: हे चार किलोमीटर कुठे आहेत? उत्तर आलं की तिकीट.

७ फेब्रुवारी, शनिवार

आईच्या आग्रहामुळे तिकीटवाल्या बाईंकडे गेले. छोटं ऑफिस, एक पंखा, दोन खुर्च्या, भिंतीवर विमानाचं चित्र. विमानाला खिडक्या फारच लहान आहेत.

थेट विमान आहे. २१ तारखेचं. सकाळी दहाला सुटतं, चौदा तास वीस मिनिटं. मी विचारलं, साइटवर तर पंधरा तास वीस मिनिटं आहेत, हा एक तास कुठे गेला? बाई म्हणाल्या, साइटवाले भागाकार करतात, विमानवाले विमान चालवतात. मी विचारलं, मग विमानवाल्यांच्या चौदा तास विसात त्यांनी स्वतःसाठी काही राखून ठेवलेलं असतं का. बाई म्हणाल्या, ते पायलटला विचारा. खिडकी हवी की कडेची जागा? मी म्हटलं, विचार करून सांगते.

जागा सोमवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवली आहे. हे जवळजवळ तिकीट काढल्यासारखंच आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सराव केला. चौदा तास वीस मिनिटं एका जागी बसायचं म्हणजे सवय हवी.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची कपाटासमोर मांडली. बाबांनी टेप लावून रुंदी सतरा इंच धरली आणि गुडघ्यापुढे कपाटाच्या दारापर्यंत एकतीस इंच सोडले, विमानात तेवढेच असतात. कमरेला त्यांनी दुकानातला एक पट्टाही बांधला. दहा वाजता उड्डाण.

१०.४०. आई केर काढायला आली. पाय वर घे म्हणाली. विमानात मधेच केर काढत नाहीत असं मी सांगितलं. मग ती विमानं फार घाण असतील, असं म्हणून तिने माझ्या पायांभोवतीच केर काढला.

११.३०. आईने ताटलीत जेवण आणून मांडीवर ठेवलं. कोपर हलवता येत नाही. पण जमलं.

१२.२०. पँट आखूड करायला एक गिऱ्हाईक आलं. दुकान आणि घर यांच्यामधे फक्त पडदा आहे, त्यांनी मला पट्टा बांधून कपाटाकडे तोंड करून बसलेलं पाहिलं. बाबांनी सांगितलं, ती विमानात आहे. त्यानंतर ते गृहस्थ जाईपर्यंत हळू आवाजात बोलले. चांगला माणूस.

१.१०. कानात दडे बसल्यासारखं झालं म्हणून पट्टा सोडून जरा आडवी झाले.

५.४०. जाग आली.

एकूण बसले तीन तास दहा मिनिटं. सराव समाधानकारक. उरलेले अकरा तास दहा मिनिटंही असेच जातील, असं धरायला हरकत नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. रविवारी साडेसहाला ती करतेच, तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ असतात. तिला सरावाचं सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या पोटात दुखायला लागलं. तिला हसायची मनाई आहे हे मला माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

विमानतळाचं उत्तर आलं. फार सभ्य पत्र. सगळ्या धावपट्ट्यांच्या मधे एक ठरलेला बिंदू असतो आणि अंतर तिथपासून मोजतात. तिथे गवत आहे. प्रवाशांना तिथे जाता येत नाही. म्हणजे ११,८७० किलोमीटर हे आपल्याकडच्या गवतापासून ताईकडच्या गवतापर्यंतचं अंतर आहे, आणि ते आजवर एकाही माणसाने पूर्ण केलेलं नाही. चार किलोमीटरचा खुलासाही केला आहे. पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली तर एक आकडा, वरून-खालून जराशी चेपलेली धरली तर दुसरा.

समाधान झालं. पत्र पाच वेळा वाचलं. पाचव्या वेळी घड्याळात साडेबारा झाले होते आणि राखून ठेवलेली जागा गेली होती.

तिकीटवाल्या बाईंना फोन केला, पत्राचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला जायचंय की मोजायचंय?"

याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. २२ ची जागा आहे म्हणाल्या. दोन दिवसांत कळवते म्हटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन अडचण. जाताना चौदा तास वीस मिनिटं, पण येताना तेरा तास पाच मिनिटं. अंतर तेच. मग सव्वा तासाचा फरक कसा?

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, वारा. वर जोराचा वारा असतो, एका बाजूला ढकलतो, दुसऱ्या बाजूला अडवतो. मी म्हटलं, म्हणजे जाताना सगळा वेळ वारा विमानाला अडवत असतो? ते म्हणाले, अडवत असतो पण विमान जातं. नंतर म्हणाले, तिकीट झालं का? मी म्हटलं, होतंय.

बाबांना रात्रीच्या जेवणाला विचारलं. ते म्हणाले, कापड उभं कापलं तर सरळ जातं, आडवं कापलं तर कात्री अडखळते, कापड तेच असतं. हे साहेबांपेक्षा चांगलं समजावलं.

आमच्याकडे गोष्टी अशाच समजावल्या जातात. लहानपणी मी सारखी आजारी, म्हणून पहिली चार वर्षं माझी शाळा घरीच झाली. मी घरी म्हणून ताईही घरी राहिली. तिने तसा हट्टच धरला होता म्हणे. बाबांच्या कटिंगच्या टेबलावर आम्ही दोघी शिकलो. आकडे टेपवर शिकलो, त्यामुळे मला बरेच दिवस वाटायचं की आकडे साठाला संपतात. आईने अक्षरं शिकवली. आणि बाबांनी तिसऱ्या वर्षी मार्जिन शिकवलं. शिवणीच्या पलीकडे कापड सोडायचं, नंतर सैल करायला. बाबा म्हणायचे, मार्जिन न ठेवता बेतणारा आयुष्यात एकदाच बेततो.

मुद्दा सोडून लिहिलं. वाऱ्याचं अजून बघायचं आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. फ्लाइटचा नंबर विचारला. मी म्हटलं, फायनल करतेय. चिमणीने विचारलं, मावशी माझ्या खोलीत झोपणार का. हो म्हटलं. तिने त्यासाठी तिच्या बाहुल्यांना खाली उतरवलं आहे.

फोन ठेवल्यावर एकदम एक गोष्ट लक्षात आली. इतके दिवस कशी आली नाही याचं नवल वाटतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमच्या घरात कोणीही खरी वेळ सांगत नाही. बाबा गिऱ्हाइकाला गुरुवार सांगतात तेव्हा कपडा सोमवारी तयार असतो. आईचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. कुठे कार्याला जायचं असेल तर बाबा आईला एक तास आधीची वेळ सांगतात, आई मला त्याच्या अर्धा तास आधीची, आणि एकदा आम्ही तिघं अशा हॉलवर पोचलो होतो जिथे अजून कुलूप होतं.

ताई त्याच टेबलावर शिकली आहे.

म्हणजे २६ फेब्रुवारी ही ऑपरेशनची खरी तारीख असूच शकत नाही. त्यात मार्जिन आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रीतसर हिशेब केला.

ताईचं मार्जिन: बाबांच्या गुरुवार-सोमवारच्या प्रमाणात किमान तीन दिवस. हॉस्पिटलने ताईला तारीख देताना स्वतःचं ठेवलं असेल: दोन दिवस. एकूण पाच. म्हणजे ऑपरेशन खरं ३ मार्चला. २८ फेब्रुवारीला निघाले तरी पुष्कळ. शिवाय आधी जाऊन बसलं तर ताईलाच माझी उठबस करावी लागेल, तीही पोटात दुखत असताना. ते मला पटत नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि ते खूश झाले. म्हणाले, थोरलीही शेवटी माझीच विद्यार्थिनी.

आई म्हणाली, एक फोन करून विचार ना तिला सरळ. पण मार्जिन विचारायचं नसतं. गिऱ्हाईक कधी विचारतं का, की गुरुवार म्हणजे खरा कोणता वार? विचारलं तर सांगणाऱ्याचा मान जातो. आईला हे पटलं नाही. ती बटणं लावते, तिचा बेतण्याशी संबंध येत नाही.

मन हलकं झालं. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट झोप लागेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बॅग भरली. लॅबमधल्या काट्यावर नेऊन वजन केलं: १८.४६ किलो. तेवीसपर्यंत चालतं. सगळं यादीप्रमाणे. बॅग दाराशी उभी केली आहे. तुम्हा दोघींपैकी एक तरी निघायला तयार आहे, असं आई बॅगेकडे बघून म्हणाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रजा सुरू. पण घरी बसून काय करायचं, म्हणून लॅबमध्ये गेले. साहेब म्हणाले, तू इथे? मी म्हटलं, विमान २८ ला आहे. (जागा राखायला फोन करायचा आहे.)

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. मी सांगितलं, २८ ला निघते.

ताई काही बोलली नाही. मी मोजलं नाही, पण सात-आठ सेकंद असतील. आवाज उपग्रहावरून जातो, कधी उशीर होतो.

मग ताईने विचारलं, "रजेचं नाही का जमलं त्याच्या आधी?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "अं" म्हटलं. नोंदीसाठी लिहून ठेवते.

ताई म्हणाली, बरं, असू दे, शेजारच्या बाईंना सांगते चिमणीचं. आणि मग बाबांच्या पाठदुखीचं विचारलं. अजिबात घाबरली नाही. ऑपरेशन खरंच २६ ला असतं तर इतकी शांत राहिली असती का? माझा हिशेब बरोबर आहे याचा हा पुरावाच म्हणायचा.

आई त्यानंतर माझ्याशी जेवणापुरतं बोलली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा थर्मामीटर तपासले. एकाला लाल स्टिकर. तिकीटवाल्या बाईंचा फोन लागला नाही, एकदाच केला होता. २८ जमलं नाही तर १ मार्चही चालेल, ऑपरेशन ३ ला आहे.

बाकी विशेष काही नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहा वाजता फोन. ताईच्या शेजारच्या बाई. ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. काल, ठरलेल्या वेळी, दुपारी दोनला. रात्री ताईला घरीही सोडलं. चिमणी त्यांच्याकडे झोपली आहे, आधी रडली, मग झोपली.

नंतर त्यांनी फोन ताईच्या हातात दिला. आवाज लांबून आल्यासारखा होता. मी म्हटलं, ताई, मला वाटलं तू तारखेत मार्जिन ठेवलं असशील. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. हसायची मनाई असल्यामुळे हसली नाही.

"तुला कशाला ठेवू गं मार्जिन?" म्हणाली. "तुला खरीच सांगितली."

 मग तीच मला समजावायला लागली. म्हणाली, रजा नाही मिळाली त्याला तू काय करणार, मनाला लावून घेऊ नकोस. आई शेजारी उभी होती. आईने ऐकलं. माझी रजा केव्हा मंजूर झाली ते आईला माहीत आहे. माझ्याकडे बघितलं आणि फोन घेऊन ताईला एवढंच म्हणाली, मी येतेय.

बाबा दिवसभर कटिंगच्या टेबलापाशी उभे होते. काही कापलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आई तिकीटवाल्या बाईंकडे जाऊन आली. बारा मिनिटं लागली, त्यातली पाच जाण्यायेण्यात. खिडकी की कडेची, असं विचारल्यावर म्हणाली, दाराजवळची द्या.

आई कधीच विमानात बसलेली नाही. बसमध्येसुद्धा ती फार बसलेली नाही. मी तिला अंतर, वारा, गवत, सगळं सांगायला बसले. तिने तिकिटावर बोट ठेवलं. सकाळी दहाला सुटणार, दुपारी तीन वीसला पोचणार. पाच तासांचा तर प्रवास, म्हणाली, त्यासाठी तू महिनाभर हा गोंधळ घातलास? मी सांगितलं की तिथलं घड्याळ नऊ तास मागे आहे. आई म्हणाली, घड्याळं मागेपुढे असतातच.

जास्त समजावलं नाही. कदाचित तेच बरं.

१ मार्च, रविवार

आईला सोडायला गेलो. घरापासून विमानतळ एकेचाळीस किलोमीटर. मी पहिल्यांदाच बघितला. आत प्रवाशांनाच सोडतात, आम्ही काचेबाहेर.

आईने माझी भरलेली बॅग नेली. काल रात्री तिने माझे कपडे काढून पलंगावर ठेवले आणि स्वतःचे भरले. चिमणीसाठी घेतलेला फ्रॉक तेवढा राहू दिला. वजन करायचं आहे का विचारलं तर म्हणाली, उचलतेय ना मी.

काचेतून दिसत होतं. आईने कोणालातरी रस्ता विचारला, मग त्यालाच बॅग उचलून पट्ट्यावर ठेवायला लावली, मग त्याच्याशी काहीतरी बोलत उभी राहिली. वळून बघितलं नाही. बाबा म्हणाले, ती वळून बघेल. बघितलं नाही.

परत येताना बाबांनी बसमध्ये एकदाच विचारलं, तुला खरंच ३ मार्च वाटलं होतं ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मलाही. नंतर खिडकीबाहेर बघत बसले.

२ मार्च, सोमवार

आई पोचली. चिमणी तिला चिकटली आहे. मी विचारलं, प्रवास कसा झाला, कान दुखले का, एकूण किती वेळ लागला. आई म्हणाली, जरा जास्तच लागला वाटतं, दोनदा जेवायला दिलं. शेजारच्या सीटवरच्या मुलाचं बटण तुटलेलं होतं, ते लावून दिलं. सुई आत कशी नेऊ दिली विचारलं तर म्हणाली, विमानातल्याच एका बाईने दिली, चांगली मुलगी होती.

किती तास हे शेवटपर्यंत कळलं नाही.

८ मार्च, रविवार

फोन. ताई उठून बसते, चालते. आई तिला कशालाही हात लावू देत नाही. चांगलं चाललं आहे.

आज सांगायचं ठरवलं होतं. म्हणजे रजा मिळाली होती हे. तीन वाक्यं लिहून कागद हातात धरला होता. पण पहिल्यांदा चिमणीच फोनवर आली. ताईने तिला सांगितलं आहे की मावशीला तिचे साहेब सोडत नाहीत. चिमणीने म्हणून साहेबांना पत्र लिहिलं आहे. फोटो पाठवला. वर साहेबांचं चित्र, त्यांना मिशा आणि हातात मोठी किल्ली. एका खोलीत मी, समोर पुष्कळ थर्मामीटर. खाली: "साहेब, माझ्या मावशीला सोडा. ती चांगली आहे. तिला घरी पण काम आहे."

साहेबांना मिशा नाहीत.

कागद वाचला नाही. चिमणीने विचारलं, साहेबांना देशील ना. हो म्हटलं.

आई मागून म्हणाली, पत्र दे बरं का त्यांना. आवाज साधाच होता.

९ मार्च, सोमवार

सकाळी हजेरी बघणाऱ्या कारकुनांनी बोलावलं. रजिस्टरमध्ये मी १३ मार्चपर्यंत रजेवर आहे. पण २० फेब्रुवारीपासून ६४ थर्मामीटरच्या प्रमाणपत्रांवर माझ्या सह्या आहेत. रजेवर असलेल्या माणसाला सही करता येत नाही. एकतर प्रमाणपत्रं रद्द, नाहीतर रजा रद्द. प्रमाणपत्रं रद्द करून चालणार नाही, त्यातली तीस एका हॉस्पिटलला गेलीही आहेत. रजा रद्द करण्याचा अर्ज मिळाला. त्यात "कारण" म्हणून दोन ओळींची जागा आहे.

आधी कच्च्या कागदावर लिहून बघितलं. "योग्य विमान उपलब्ध न झाल्यामुळे." खोटं. विमान रोज होतं. "ऑपरेशनच्या तारखेबाबत गैरसमज." हे खोटं नाही, पण गैरसमज १५ तारखेला झाला आणि तिकीट मी ४ तारखेपासून काढत नव्हते. "अंतर निश्चित न झाल्यामुळे." ते ९ तारखेला निश्चित झालं होतं.

अर्जावर लिहिलं: विमानात बसायची भीती वाटली.

चार शब्द. दोन ओळींतली दीड ओळ रिकामीच राहिली.

साहेबांनी या वेळी अर्ज पूर्ण वाचला. लगेच सही केली नाही. विचारलं, "घरी माहीत आहे?" मी म्हटलं, आईला सांगितलं नाही, पण तिला माहीत आहे. बाबांना कदाचित माहीत आहे. ताईला नाही. तिला वाटतं तुम्ही सोडलं नाही. आणि मग, पत्र त्यांच्या नावाचं होतं आणि ते माझ्याकडे ठेवून घेणं योग्य नव्हतं, म्हणून चिमणीच्या पत्राची प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली.

साहेबांनी चित्र बराच वेळ बघितलं. ओठावरून बोट फिरवलं. मग रजेच्या अर्जावर सही केली, एक कोरा कागद घेतला, त्यावर लिहिलं, घडी केली आणि माझ्याकडे दिली. म्हणाले, तिच्या पत्राचं उत्तर आहे, पोचव. उघडून वाचलं तरी चालेल.

"चिमणीस, मी मावशीला ३ फेब्रुवारीलाच सोडलं होतं. पुढचं तिला विचार. तुझा, साहेब."

हे उत्तर ज्याचं त्याला द्यायलाच हवं. पण ताईला माझ्याकडून कळायच्या आधी चिमणीकडून कळू नये. ती वाचायला शिकली आहे आणि मोठ्याने वाचते.

म्हणून आधी मी सांगणार. मेसेज करून नाही. आईमार्फत नाही. रविवार, १५ मार्च, संध्याकाळी साडेसहा वाजता. तिथे तेव्हा सकाळचे साडेनऊ असतील, त्या तिघी एकत्र बसलेल्या असतील, आणि फोन पहिल्यांदा कोणीही उचलला तरी मी सांगणार आहे.